चष्म्याच्या काडीवरचा फोन

आतल्या खोलीतला आवाज वाक्याच्या मध्येच थांबला, तेव्हा तो एका काचेची कड घासत होता. बायको फोनवर बोलताना अशी मध्येच थांबायची. दातांत टाचण्या धरल्या की ओठ मिटावे लागत. म्हणून तो थांबला नाही. चाकावर पाण्याचे दोन थेंब सोडून त्याने काच पुन्हा टेकवली. पण टाचण्यांची शांतता वेगळी असते, तिच्यात पुढच्या शब्दाची घाई असते. ही शांतता तशी नव्हती. मग काहीतरी आपटलं. तो ओला हात तसाच घेऊन आत गेला, तर बायको शिवणाच्या मशीनपुढे बसलेली, मान डाव्या खांद्याकडे कललेली, डोळ्यांत पाणी, आणि रिसीव्हर वायरीला लोंबकळत फरशीपाशी गिरक्या घेतोय. त्याच्यातून चिमुकला आवाज येत होता, ‘‘अगं, ऐकतेस ना? अगं, आहेस का?’’ बायको म्हणाली, ‘‘मान... मान येत नाहीये सरळ.’’ त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग रिसीव्हरकडे. कोणाला आधी उचलायचं हे त्याला क्षणभर कळेना, आणि त्या क्षणाची त्याला पुढे कितीतरी दिवस गंमत वाटत राहिली, कारण रिसीव्हरमधला माणूसही तिथे पडल्यासारखाच दिसत होता.

मानेत उसण भरली होती, एवढंच. डॉक्टरांनी मऊ पट्टा बांधला, गोळ्या दिल्या आणि विचारलं, ‘‘खांदा आणि कान यांच्यामध्ये काय धरता?’’ बायको म्हणाली, ‘‘बहीण.’’ डॉक्टर हसले, पण निकाल बदलला नाही. आता फोन धरायचा तर हातात धरायचा.

पुढची खोली दुकान, मागची खोली शिवणाची, मध्ये लाकडी फळ्यांची भिंत. तो लोकांना चष्मे करून द्यायचा, ती शाळांचे गणवेश आणि पडदे शिवायची. दुपारचं जेवण झालं की मागे फोन लागायचा. पलीकडे तिची मोठी बहीण, म्हणजे नात्याने त्याची आकडसासू. शब्दात आकड असली तरी बाईत नव्हती. नवरा गेल्यापासून ती एका लांबच्या गावात एकटी राहत होती, फारशी कुठे जात-येत नव्हती, आणि कधी आडवंतिडवं बोलल्याचंही त्याला आठवत नव्हतं. खरं तर ती काय बोलते ते त्याला माहीतच नव्हतं. त्याच्या वाट्याला फळ्यांतून फक्त अर्धं बोलणं यायचं. ‘‘छे, छे, तिने नाही, तिच्या जावेने.’’ मग मशीनची धाव. ‘‘मग तू काय म्हणालीस?’’ मशीन. ‘‘शहाणीच आहेस.’’ या अर्ध्या बोलण्याचा त्याला कधी उलगडा करावासा वाटला नाही. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना, काचेचा मध्य शाईच्या ठिपक्याने धरताना ते बोलणं मागे चालू असायचं, जसं कोणाच्या घरात घड्याळ चालू असतं. संध्याकाळी कोणी विचारलं असतं की आज दुपारी काय केलंस, तर तो म्हणाला असता, चार चष्मे केले. बोलणं ऐकलं असं तो म्हणाला नसता. माणूस श्वास घेतल्याचं सांगतो का?

मानेचा पट्टा निघाला तरी बोलणं परत आलं नाही. बायको एका हातात रिसीव्हर धरून बसायची, दुसरा हात मांडीवर. ‘‘कशी आहेस? हो. मी पण. बरं, ठेवते मग.’’ आणि मशीन सुरू. मशीनचा तोच आवाज, पण त्यात आता फटी नव्हत्या. सलग, कोरडा, कोणाचं तरी काम उरकल्यासारखा. त्याने एकदा विचारलं, ‘‘भांडलात की काय?’’

‘‘नाही हो. हात रिकामे असले की मला बोलायलाच सुचत नाही. काय सांगायचं असतं तेच आठवत नाही. शिवता शिवता आपोआप निघायचं.’’ मग थोड्या वेळाने, दोरा ओवता ओवता, ‘‘ताईला वाटतंय मी रागावलेय. आज विचारलंनच. मी नाही म्हटलं, तर म्हणाली, असू दे, मी काही विचारणार नाही. आता हिला काय सांगू?’’

त्याने बाजारातून मोठ्याने बोलणारा फोन आणला, बटण दाबलं की आवाज खोलीभर. त्याचा बार फुसका निघाला. ताईचा आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा साऱ्या घरात घुमला. नेमकी तेव्हाच दुकानात एक बाई अक्षरांचा तक्ता वाचत होती. ती खालच्या ओळीवर येऊन थांबली आणि ऐकत राहिली. पलीकडून ताईने विचारलं, ‘‘हा कसला आवाज येतोय गं? कोण आहे तिथे?’’ बायकोने खरं ते सांगितलं. ‘‘मग ठेव बाई,’’ ताई म्हणाली. ‘‘मला चव्हाट्यावर बसवून बोलायला लावू नकोस.’’ फोन आला त्या वाटेने परत गेला. त्यानंतरचे काही दिवस ताईने स्वतःहून फोन केला नाही, आणि बायकोने केला की ती लवकर ठेवायची. दुपारी दुकानात बसल्या बसल्या त्याचं लक्ष उडायला लागलं. एका म्हाताऱ्या मास्तरांची डावी काच त्याने उजवीकडे बसवली. मास्तर तसेच घालून गेले आणि परत येऊन म्हणाले, ‘‘जग जरा तिरकं दिसतंय, पण तसं ते आधीपासूनच होतं म्हणा.’’ दोघेही हसले. पण काच काढताना त्याच्या मनात आलं की आपण इतकी वर्षं सुखी होतो, ते नक्की कशाने होतो याची आपण कधी चौकशीच केली नाही.

त्याचा मामा टेलिफोनच्या तारा ओढायच्या कामावर होता. खांबावरून उतरला की अंगाला डांबराचा वास, खिशात तांब्याच्या तारांचे तुकडे. सुटीत मामाकडे गेला की मामा त्याला जुने फोन उघडून दाखवायचा. ‘‘फोन हा शहाणा पाहुणा,’’ मामा म्हणायचा, ‘‘येताना स्वतःची शिदोरी घेऊन येतो. तारेतच थोडी वीज असते. तू उचललास की ती वाहायला लागते, तू बोललास की ती थरथरते, बस, एवढंच.’’ मामाच्या हाताखाली त्याने एक फोन मोडून पुन्हा जोडला होता. तो लागलाही होता. पलीकडे मामीला ‘ओळखा कोण’ म्हटलं होतं, आणि मामी खिडकीतूनच ओरडली होती, ‘‘समोर दिसतोयस मेल्या!’’ पुढे त्याचे हात काचांकडे वळले. मामाही गेला. पण वीज थरथरते ही गोष्ट त्याच्या डोक्यात कुठेतरी राहिली होती. एका दुपारी, मशीन मागे सलग धावत असताना, त्याने गल्लीच्या टोकाच्या रेडिओवाल्याकडून सामान आणलं: चार डायोड, एक ट्रान्झिस्टर, दोन कंडेन्सर, थोडे रेझिस्टन्स, मटाराच्या दाण्याएवढा माइक, खिशातल्या रेडिओचा कानात घालायचा बोंडूक. रेडिओवाल्याने विचारलं, ‘‘काय बनवताय?’’ तो म्हणाला, ‘‘बायकोचे हात सोडवतोय.’’

चष्म्याचं काम करणाऱ्याला बारीक कामाची भीती नसते. भिंग डोळ्याला लावलं की डायोडवरची रुपेरी रेघ त्याला रस्त्याएवढी दिसायची. डायोड चौकोनात जोडले, म्हणजे तारा उलटसुलट लागल्या तरी वीज आपली एकाच दिशेने जाईल. माइकचा आवाज ट्रान्झिस्टर मोठा करील आणि तारेत घालील, पलीकडचा आवाज कंडेन्सरमधून कानात येईल. घंटी जुन्या फोनवरच वाजेल. वाजली की डबीवरचा खटका दाबायचा, आणि बोलणं या वाटेने सुरू. मामाचं बोलणं आठवत, चुकत, उकलत तो काम करत होता. सोल्डरचा धूर नाकात गेला की मामाच्या सदऱ्याचा खिसा आठवायचा. काम करताना त्याला बरं वाटत होतं, जरा लाज वाटावी इतकं बरं.

चौथ्या की पाचव्या दुपारी भिंतीतली वायर सोलताना त्याने ती फोनपासून सोडवली होती, पण लाइनपासून सोडवायची राहिली. दोन्ही टोकं बोटांत धरली आणि त्याच क्षणी पलीकडून फोन आला. घंटी वाजण्याइतकी वीज बोटांतून कोपरापर्यंत गेली. तो ‘‘आई गं!’’ करून खुर्चीवरून उठला, डबी उडाली, रेझिस्टन्स फरशीवर तीळ सांडावेत तसे सांडले. बायको धावत आली. ‘‘काय झालं?’’

‘‘तुझ्या ताईचा फोन आलाय,’’ तो बोटं झटकत म्हणाला.

‘‘तुम्हाला कसं कळलं? घंटी तर वाजली नाही.’’

‘‘मीच वाजलो.’’

ती आधी घाबरली, मग तिला हसू आवरेना. भिंतीला टेकून, मानेवर हात धरून ती हसत होती, कारण हसताना मान दुखत होती आणि मान दुखते म्हणून आणखी हसू येत होतं. कितीतरी दिवसांनी. मग तिने घाईघाईने वायर जोडायला लावली आणि ताईला उलटा फोन करून ही हकिकत सांगितली. त्या दिवशी ताईने पटकन ठेवला नाही.

पहिल्या खेपेला काहीच ऐकू गेलं नाही. माइकचे पाय उलटे लागले होते. दुसऱ्या खेपेला कानाचा बोंडूक आणि माइक टेबलावर समोरासमोर राहिले, तर दोघांनी मिळून अशी शीळ घातली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. तिसऱ्या खेपेला आवाज आला, स्वच्छ, कानाच्या अगदी आत. प्रश्न राहिला तो हे सगळं डोक्यावर धरायचं कसं याचा. केसांच्या पट्ट्यावर बसवलं तर मानेवर ताण यायला लागला. मग त्याच्या लक्षात आलं की चेहऱ्यावर वजन कसं ठेवावं याचाच तर आपला धंदा आहे. त्याने एक हलकी फ्रेम घेतली, बिनकाचांची. उजव्या काडीला कानाचा बोंडूक, डाव्या काडीवरून जाड तांब्याची तार गालाच्या कोपऱ्यापर्यंत आणि तिच्या टोकाला माइक. वायर पाठीमागून खाली, ब्लाउजला चिमट्याने अडकवलेली.

माप घ्यायला त्याने तिला दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसवलं. तिला चष्मा कधी लागलाच नव्हता, त्यामुळे त्या खुर्चीवर ती पहिल्यांदाच बसत होती. ‘‘समोर बघा,’’ तो सवयीने म्हणाला, आणि ती फिस्सकन हसली. ‘‘बघते हो, डॉक्टर.’’ त्याने तिच्या कानामागे बोट नेलं. अनोळखी माणसांच्या कानांमागे त्याची बोटं रोज जात. कुठे हाड उंच असतं, कुठे कातडी नाजूक असते, काडी कुठे टोचेल, हे त्याला बोटांनी कळायचं. पण हा कान त्याला नवा होता. डावा उजव्यापेक्षा किंचित वर होता. इतक्या वर्षांत आपल्याला हे दिसलं नाही, असं त्याच्या मनात आलं. त्यात खंत नव्हती; उलट घरातच एक न उघडलेली खिडकी सापडावी तसं काहीतरी वाटलं. तव्यातल्या तापल्या वाळूत काडी मऊ करून त्याने ती त्या वरच्या कानासाठी थोडी जास्त वळवली. ‘‘टोचतंय?’’ ‘‘नाही.’’ ‘‘इथे?’’ ‘‘अजिबात नाही.’’ ती आरशात बघून म्हणाली, ‘‘विमान चालवणारी दिसतेय मी.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झालं, घंटी वाजली, खटका दाबल्याचा आवाज आला. तो हातातली काच बाजूला ठेवून, गिऱ्हाईक नसल्याची खातरी करून, चक्क वाट बघत बसला. मशीन सुरू झालं. थांबलं. सुरू झालं. त्या फटी परत आल्या होत्या, म्हणजे ती बोलत होती. पण शब्द येत नव्हते. त्याने फळ्यांना कान लावला. एक हळू, खालची गुणगुण, पाणी झिरपल्यासारखी. बायको कुजबुजत होती.

त्याला कारण लगेच कळलं. हेही मामानेच सांगितलं होतं. फोनमध्ये माणसाला स्वतःचा आवाजही थोडा ऐकू येतो, यायलाच हवा. अजिबात नाही आला तर माणूस ओरडतो, जास्त आला तर आवाज खाली आणतो. त्याच्या जोडणीत तिचा आवाज तिच्याच कानात जास्त जात होता. दोष म्हणावा तर दोष होता. एक रेझिस्टन्स बदलला की संपलं. मग ती पुन्हा पूर्वीसारखी खणखणीत बोलली असती, आणि फळ्यांतून ते अर्धं बोलणं दुकानात आलं असतं. संध्याकाळी त्याने तो रेझिस्टन्स शोधून काढला, तपकिरी रंगाचा, अंगावर रंगीत पट्ट्या असलेला, आणि बोटांत फिरवत बसला. त्याला जरा चोरट्यासारखं वाटत होतं. हे आपण तिच्या कानासाठी बदलणार आहोत की आपल्या? चष्म्यात असं कधी होत नाही. गिऱ्हाइकाला काय दिसतं ते चष्मेवाल्याला दिसत नाही, आणि त्याला ते दिसायचंही नसतं.

‘‘तुझा आवाज तुला कानात जास्त येतो का गं?’’ त्याने शेवटी विचारलं. ती दिवसभराचे धागे केरसुणीने गोळा करत होती.

‘‘येतो की. आधी चमत्कारिक वाटलं. वाटलं, कोणीतरी तिसरंच बोलतंय.’’

‘‘कमी करून देऊ? एवढंसं काम आहे.’’

ती केरसुणी धरून उभी राहिली. ‘‘नको,’’ ती म्हणाली. ‘‘मला माहीतच नव्हतं, मी अशी बोलते ते.’’

‘‘अशी म्हणजे?’’

‘‘आईसारखी. हळू बोललं की अगदी आईचा आवाज आहे हो माझा. ताई म्हणाली, तिलाही तसंच वाटलं. मग आम्ही आईबद्दलच बोलत बसलो. ती गेल्यापासून कधी बोललोच नव्हतो. इतकं बोलायचो, पण ते सोडून.’’ ती पुन्हा वाकली आणि धागे ढकलू लागली. ‘‘मोठ्याने बोलताना काही गोष्टी निघत नाहीत तोंडातून.’’

त्याने रेझिस्टन्स डबीत ठेवला आणि डबी फडताळावर, उरलेल्या स्क्रूंच्या मागे. त्या रात्री त्याला झोप चांगली लागली. दुपारची फळ्यांमागची गुणगुण हळूहळू त्याच्या अंगवळणी पडली. शब्द नव्हते, पण कधी ती जड असायची, कधी हलकी. हलकी असली की काच जरा सफाईने घासली जायची, किंवा त्याला तसं वाटायचं.

मग एके दिवशी बायको गणवेश पोचवायला शाळेत गेली होती, आणि घंटी वाजली. त्याच्या दोन्ही हातांत काम होतं. एका हातात फ्रेम, दुसऱ्या हातात काच, आणि काच आता सोडली तर पुन्हा तीच कड धरणं अवघड. तो तसाच आत गेला, कोपराने खटका दाबला आणि मनगटाने बायकोची फोनची फ्रेम कशीबशी नाकावर चढवली. ती त्याला घट्ट होत होती.

‘‘बोल,’’ कानात आवाज आला.

‘‘ती नाहीये. मी बोलतोय.’’

‘‘तुम्ही होय? आज दुकान नाही?’’

‘‘दुकानातूनच आलो. हातात काच आहे.’’

‘‘मग काम करा तुमचं, मी ठेवते,’’ ताई म्हणाली, पण ठेवला नाही. त्यालाही ठेवा म्हणवेना. हा आवाज त्याने लग्नात ऐकला होता, दुखवट्याला ऐकला होता, फरशीवर गिरक्या घेताना ऐकला होता. असा कानात, निवांत, कधीच नाही. आठवणीत त्याने तो जाड, जरा कुरकुरता धरला होता. तो तसा नव्हता. पातळ होता, प्रत्येक वाक्याआधी जरा थबकणारा, चपला काढून आत येणाऱ्या माणसासारखा.

‘‘छान केलंत हो ते,’’ ती म्हणाली. ‘‘चष्म्याचं. ती सांगत होती.’’

‘‘चांगलं ऐकू येतं ना तुम्हाला?’’

‘‘येतं. तिचं शिवणसुद्धा ऐकू येतं. मी तिला सांगते, आता सरळ गेलीस, आता कोपरा आला.’’

‘‘आणि तुमचे हात?’’ त्याने विचारलं. ‘‘तुम्ही काय करत असता बोलताना?’’ धंद्याचा प्रश्न होता तो, दुकानात तो सगळ्यांना विचारायचा: वाचता का, शिवता का, गाडी चालवता का.

‘‘हात काय,’’ ती म्हणाली. ‘‘एकात फोन. एक मांडीवर. ती शिवते, मी ऐकते. मी बसूनच असते हो. फोनच्या खुर्चीवर.’’

त्याच्या डोळ्यांसमोर ती खुर्ची आली. इतकी वर्षं ते बोलणं ऐकताना त्याने पलीकडे कधी खुर्ची ठेवली नव्हती, खोली ठेवली नव्हती, हात ठेवले नव्हते. तिथे नुसती फटीएवढी शांतता होती. त्याने हातातली काच मशीनवर ठेवून दिली.

‘‘ताई, तुम्हालाही करून देतो एक.’’

‘‘मला कशाला? मला कुठे काय शिवायचंय?’’

‘‘शिवायचं नाही तर चाला. या खोलीतून त्या खोलीत. वायर लांब देईन. लाइनला कशी लावायची ते तिकडच्या वायरमनला चिठ्ठीत लिहून देतो.’’

‘‘चालू?’’ ती म्हणाली, जणू त्याने तिला पोहायला सांगितलं होतं. मग म्हणाली, ‘‘खिडकीतल्या कुंड्यांपर्यंत येईल का वायर? तिथे उभं राहिलं की रस्ता दिसतो.’’

‘‘येईल. पण माप लागेल. कानामागचं, आणि दोन्ही कानांमधलं. दोरा आहे घरात?’’

‘‘असेल. शोधायला हवा.’’

‘‘शोधा. आरशासमोर उभ्या राहा, एका कानापासून नाकावरून दुसऱ्या कानापर्यंत दोरा धरा, गाठ मारा आणि पट्टीने मोजून या. मी थांबतो.’’

‘‘आरशापर्यंत फोन येत नाही.’’

‘‘म्हणून तर. खाली ठेवून जा.’’

रिसीव्हर लाकडावर टेकल्याचा आवाज आला. मग पावलं. घर मोठं असावं, पावलं बराच वेळ जात राहिली. एक खण ओढला गेला, अडकला, पुन्हा ओढला गेला. डबा उघडला, त्यातून बटणं सांडली असावीत, आणि ताई स्वतःशीच काहीतरी म्हणाली. दुकानात कोणीतरी आलं, फळीवर बोटांनी टकटक केलं. ‘‘अहो, आहात का?’’ त्याने घट्ट फ्रेममधूनच मान वळवली, हात वर करून त्या माणसाला थांबवलं आणि हळू आवाजात म्हणाला, ‘‘बसा जरा. एक माप चाललंय.’’ तिकडे खिडकी उघडली असावी. रस्त्यावरची एक सायकल घंटी वाजवत त्याच्या कानातून गेली. मग पावलं परत यायला लागली, गेली होती त्यापेक्षा भरभर, आणि धाप लागलेला आवाज म्हणाला, ‘‘हं, लिहून घ्या.’’